कानाझावा: पावसाने पोसलेलं शहर

मराठी माणसाची जपानची पहिली सहल बहुधा तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका आणि हिरोशिमा या रुळलेल्या वाटेने होते. ती वाट चांगलीच आहे, पहिल्या खेपेला तीच धरावी. पण जपानी माणसाचं जेवण, त्याचा इतिहास, त्याची कला आणि त्याच्याभोवतीचा निसर्ग हे सगळं एकमेकांत कसं मुरलेलं आहे हे एकाच गावात, पायी फिरून पाहायचं असेल, तर मी कानाझावाचं नाव घेईन. होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, जपानच्या समुद्राकडे तोंड करून बसलेलं हे इशिकावा प्रांताचं मुख्य शहर. तोक्योहून शिनकान्सेनने सुमारे अडीच तास लागतात. ही वेगवान गाडी इथवर पोचली २०१५च्या मार्चमध्ये. तोवर डोंगरांपलीकडचं हे गाव परदेशी पाहुण्यांच्या वाटेत फारसं येतच नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात कानाझावावर बॉम्ब पडले नाहीत. त्यामुळे सामुराईंच्या गल्ल्या, चहागृहांचे मोहल्ले, कालवे आणि देवळं जागच्या जागी राहिली. पण जुनी घरं टिकली म्हणून मी या गावाच्या प्रेमात पडलेलो नाही. इथल्या प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी पाणी आहे, आणि इथल्या माणसांनी त्या पाण्याशी भांडण न करता त्यातून एक संस्कृती उभी केली आहे. मला त्याचं अप्रूप वाटतं.

आधी हवा समजून घ्यायला हवी. हिवाळ्यात सैबेरियाकडून थंडगार वारे सुटतात. जपानच्या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह येतो. त्या पाण्यावरून येताना वारे ओलावा पिऊन घेतात, आणि कानाझावाच्या मागे उभ्या असलेल्या २७०२ मीटर उंचीच्या हाकुसान पर्वताच्या रांगांवर आदळले की सगळं ओझं खाली टाकतात. वर्षाला साधारण २४०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ इथे पडतो, म्हणजे जवळपास मुंबईइतका. फरक एवढाच की मुंबईचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, आणि इथे ऐन डिसेंबर-जानेवारीत आभाळ सर्वांत जास्त गळतं. भरथंडीत विजाही कडाडतात. वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त दिवस इथे गडगडाट होतो, आणि जपानमध्ये हा आकडा सर्वांत मोठा आहे. जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, अशी इथली म्हणच आहे. स्टेशनाबाहेर २००५मध्ये काचेचा एक प्रचंड घुमट उभारला गेला. आलेल्या पाहुण्यावर छत्री धरावी ही त्यामागची कल्पना. घुमटाच्या पुढ्यात लाकडी कमान आहे, तिचे पिळदार खांब नोह नाट्यात वाजणाऱ्या त्सुझुमी या हातढोलावरून बेतले आहेत. पाऊस आणि नोह या गावाच्या दोन्ही खुणा गाडीतून उतरल्या उतरल्या दिसतात.

इथला बर्फ कोरडा, भुरभुरणारा नसतो. तो ओला आणि जड असतो. झाडाच्या फांदीवर साचला की फांदी मोडते. म्हणून दरवर्षी १ नोव्हेंबरला केनरोकुएन या बागेत माळी एक काम सुरू करतात. झाडाच्या मधोमध उंच खांब रोवायचा, त्याच्या टोकापासून दोऱ्या सोडायच्या आणि एकेक दोरी एकेका फांदीला बांधायची. या कामाला युकित्सुरी म्हणतात. सुरुवात होते ती कारासाकी पाइनपासून. इथल्या तेराव्या दाइम्योने, म्हणजे सरंजामदाराने, बिवा सरोवराकाठच्या कारासाकीहून बी आणवून हे झाड वाढवलं. या एका झाडाला पाच खांब आणि सुमारे आठशे दोऱ्या लागतात. मी पाहिलं तेव्हा माळी खांबाच्या शेंड्याशी बसून दोऱ्या खाली फेकत होते आणि खालचे त्या झेलून बांबूच्या शिड्यांवरून फांद्यांपर्यंत नेत होते. कुणाचा आवाज चढलेला नव्हता. काम पुरं झालं की झाडावर दोऱ्यांचा शंकू उभा राहतो आणि तो इतका देखणा दिसतो की लोक बर्फ पडायच्या आधीच त्याचे फोटो काढायला येतात. निव्वळ गरजेपोटी केलेलं काम इतक्या निगुतीने करायचं की ते डोळ्यांनाही सुखावेल, ही जपानी वृत्ती मला केनरोकुएनमध्ये जितकी स्पष्ट दिसली तितकी दुसरीकडे कुठे दिसली नाही.

केनरोकुएन ही जपानच्या तीन थोर बागांपैकी एक. दुसरी मितोची काइराकुएन आणि तिसरी ओकायामाची कोराकुएन. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कोराकुएनची थोडी ओळख आहे, कारण पुणे-ओकायामा मैत्रीतून झालेलं ते उद्यान कोराकुएनवरूनच बेतलं आहे. केनरोकुएनचा पसारा ११ हेक्टरांहून जास्त आहे. १६७६च्या सुमारास पाचवे दाइम्यो माएदा त्सुनानोरी यांनी तिची सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्या भर घालत गेल्या. चिनी बागशास्त्रात सहा गुण सांगितले आहेत: ऐसपैसपणा आणि एकांत, मानवी हात आणि जुनेपणा, वाहतं पाणी आणि दूरवरचा देखावा. यातला प्रत्येक गुण जोडीतल्या दुसऱ्याच्या आड येतो. बाग मोकळी केली की एकांत जातो. पाणी सखल जागी असतं आणि देखावा उंचावरून दिसतो. इथे मात्र सहाही नांदतात, आणि त्याचं श्रेय एका कालव्याला जातं.

१६३१मध्ये मोठी आग लागून किल्ला आणि गाव होरपळलं. तिसरे दाइम्यो माएदा तोशित्सुने यांनी पाणी आणायचं काम इताया हेइशिरो या माणसावर सोपवलं. त्याने १६३२मध्ये साइ नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडवून, काही ठिकाणी बोगदे खणून, सुमारे ११ किलोमीटरचा तात्सुमी कालवा गावापर्यंत आणला. बाग टेकाडावर आहे, किल्ला समोरच्या टेकाडावर, आणि मध्ये खंदक. पाणी बंद नळातून खाली उतरवायचं आणि उगमाची पातळी उंच असल्यामुळे ते पलीकडे आपोआप वर चढवायचं, हा उलट्या वक्रनलिकेचा हिशेब त्या काळी तिथे प्रत्यक्षात उतरला. आजही बागेतले ओढे याच कालव्याच्या पाण्याने वाहतात. बागेत एक कारंजं आहे, पंपाशिवाय चालणारं. वरच्या कासुमिगाइके तळ्याच्या पाण्याचा दाब त्याला पुरतो. जपानमधलं सर्वांत जुनं कारंजं म्हणून ते ओळखलं जातं. बहुतेक पाहुणे तळ्याकाठच्या दोन पायांच्या कोतोजी दगडी दिव्यापाशी गर्दी करतात. तो सुंदरच आहे, एक पाय पाण्यात आणि दुसरा दगडावर. पण कारंज्यापाशीही पाच मिनिटं थांबावं आणि पाणी कुठून कसं आलं ते मनात जुळवून पाहावं.

एवढा पैसा आला कुठून? माएदा घराण्याकडे कागा प्रांताची जहागीर होती, दहा लाख कोकूंची. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, साधारण १५० किलो. शोगुनचं, म्हणजे देशाच्या लष्करी राज्यकर्त्याचं, तोकुगावा घराणं सोडलं तर जपानमध्ये एवढं उत्पन्न दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. माएदा तोशिइए १५८३मध्ये कानाझावाच्या किल्ल्यात आले. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं हा मुलूख सरंजामदारांच्या हातात नव्हताच. १४८८मध्ये इक्को पंथाच्या शेतकऱ्यांनी आणि भिक्षूंनी तिथल्या सत्ताधीशाला उलथवून स्वतःचा कारभार मांडला होता. किल्ल्याच्या जागी तेव्हा त्यांचं मंदिर होतं.

तोशिइए १५९९मध्ये वारले आणि तोकुगावा इएयासू यांना संशय आला की त्यांचा मुलगा तोशिनागा बंड करणार. लढाई टाळायला तोशिनागाची आई मात्सू स्वतः ओलीस म्हणून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, गेली. चौदा-पंधरा वर्षं ती तिथे राहिली आणि १६१४मध्ये मुलगा वारल्यावरच परतली. या बाईच्या त्यागाची आठवण कानाझावात आजही आदराने काढतात, आणि ती काढलीच पाहिजे; पुढची अडीचशे वर्षं या मुलखाने युद्ध पाहिलं नाही त्याची सुरुवात तिच्यापासून होते. तेव्हापासून माएदांचं धोरण ठरून गेलं. तिजोरी भरलेली आहे, पण शस्त्रांवर खर्च केला तर शोगुन डोळे वटारणार. तेव्हा पैसा कलेत घालायचा. किल्ल्यात शस्त्रं दुरुस्त करणारा कारखाना होता. हळूहळू तिथे लाखकाम, धातुकाम आणि जडावकाम होऊ लागलं, आणि क्योतो-एदोहून नामांकित कारागीर बोलावले गेले. पाश्चात्त्य पर्यटक इथे सामुराईंच्या तलवारी शोधत येतात. मला मात्र या शहराचा खरा पराक्रम तलवार म्यान ठेवण्यातच दिसतो.

या धोरणाची फळं आजही हाताला लागतात. जपानमध्ये तयार होणाऱ्या सोन्याच्या वर्खापैकी जवळजवळ सगळा, ९८-९९ टक्के, कानाझावात होतो. क्योतोच्या किंकाकुजी मंदिराचा झळाळता मुलामा इथल्याच वर्खाचा आहे. गंमत अशी की तोकुगावांच्या राजवटीत, म्हणजे एदो काळात, वर्ख करायला शोगुनची परवानगी लागे आणि कानाझावाला ती सहजी मिळत नसे. इथले कारागीर चोरून कला जिवंत ठेवत होते. १८६८मध्ये शोगुनशाही गेली, एदोचे वर्खवाले मागे पडले आणि कानाझावा पुढे आलं. यातही हवेचा हात आहे. वर्ख एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे तो हाताला, कागदाला चिकटून फाटतो. इथल्या दमट हवेत तो शहाण्यासारखा वागतो.

एका कार्यशाळेत मी हे काम जवळून पाहिलं. सोन्यात किंचित चांदी आणि तांबं मिसळून त्याची पट्टी करतात, तुकडे कागदांच्या चळतीत घालतात आणि कुटतात. दहा येनच्या नाण्याएवढं सोनं कुटून कुटून एका तातामी चटईएवढं पसरतं. कारागीर सांगत होते की सगळी कला सोन्यात नसून कागदात आहे. एंत्सुके या जुन्या पद्धतीत हातकागद पेंढ्याच्या राखेचं पाणी, काकी फळाचा तुरट रस आणि अंड्याचा पांढरा भाग यांत पुन्हा पुन्हा भिजवून आणि कुटून तयार करतात. त्यालाच कित्येक महिने लागतात. लाकडी वास्तू जपण्याच्या जपानी कौशल्यांचा युनेस्कोने २०२०मध्ये अमूर्त वारशात समावेश केला, त्यात हे एंत्सुकेही आहे. तयार वर्ख बांबूच्या चिमट्याने उचलतात आणि हलक्या फुंकरीने सपाट करतात. पाहताना मीही श्वास रोखून धरला होता. गावात वर्ख लावलेलं आइस्क्रीम सगळीकडे मिळतं. सोन्याला चव नसते, तेव्हा ते पैसे एखाद्या कारागिराने केलेल्या छोट्या डबीवर खर्चावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कापडावरची कागा युझेन रंगाई आणि १६६६मध्ये चहाचार्य सेन्सो यांच्याबरोबर क्योतोहून आलेल्या चोझाएमोन यांनी सुरू केलेली, चाकाशिवाय हाताने घडवलेली ओही भांडी, हे सगळं एकेक दिवस मागणारं आहे. कागा युझेनमधली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हे चित्रकार किमोनोवर पान रंगवताना त्याला किडीने पाडलेलं भोकही रंगवतात. निसर्ग जसा आहे तसा.

माएदांनी नोह नाट्यालाही आश्रय दिला, आणि तोही फक्त दरबारापुरता नव्हे. सुतार, माळी अशा सामान्य कारागिरांनाही त्यांनी नोहच्या गायकीसाठी उत्तेजन दिलं. छपरावर बसलेला सुतार किंवा झाडावर चढलेला माळी काम करता करता गुणगुणायचा. म्हणून कानाझावात आकाशातून गाणं बरसतं असं लोक म्हणत.

आता जेवण. ओमिचो बाजार तीनशे वर्षांपासून या गावाला खाऊ घालतो आहे. नोव्हेंबरच्या ६ तारखेला इथे खेकड्याचा हंगाम उघडतो आणि बाजाराचा नूर पालटतो. नर खेकडा मोठा, निळी चिठ्ठी लावलेला, महाग. गावकऱ्यांचा जीव मात्र लहानशा मादीवर, कोबाकोवर. तिच्यात आत-बाहेर दोन्हीकडे गाभोळी असते, आणि डिसेंबर अखेरीला तिची मासेमारी बंद होते, म्हणून तेवढ्या आठवड्यांत ती खाऊन घ्यायची. कोकणातल्या खवय्याला ही घाई समजावून सांगावी लागणार नाही. थंडीतल्या विजांना इथले कोळी बुरी नावाच्या माशाची वर्दी समजतात. गडगडाट झाला की चरबी धरलेला बुरी तोयामा उपसागरात आणि नोतोच्या किनाऱ्याला येतो. तोच बुरी खारवून सलगमच्या चकत्यांत भरतात आणि तांदळावर वाढवलेल्या कोजी बुरशीत आंबवतात. ही काबुराझुशी म्हणजे इथल्या नववर्षाचा खाऊ.

आंबवण्याची कमाल पाहायची तर फुगू माशाची गाभोळी. फुगूच्या अंडाशयात जीवघेणं विष असतं. इशिकावात ती वर्षभराहून अधिक काळ मिठात ठेवतात आणि मग तांदळाच्या कोंड्यात आणखी वर्ष-दोन वर्षं मुरवतात. तेवढ्यात विष खाण्याजोग्या पातळीपर्यंत उतरतं. ते नेमकं कसं, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. तपासणी झाल्याशिवाय ती विकायला येत नाही. गरम भातावर तिचा लहानसा तुकडा पुरतो. खारट, दाट चव बराच वेळ जिभेवर राहते.

गावाचा मानाचा पदार्थ जिबुनी. बदकाचे काप पिठात घोळवून सोया, साके आणि दाशी या पातळ रश्श्यात शिजवतात. पिठामुळे रस दाट होतो. सोबत शिइताके अळंबी, पालेभाजी आणि गव्हाच्या चिकाची सुदारेफू नावाची चटईसारख्या खुणांची वडी. उथळ, झाकणाच्या लाखेच्या वाडग्यात वाढतात आणि वर वासाबीचा ठिपका ठेवतात. थंडीत याच्यासारखं सुख नाही. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: दाशी बहुधा कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेला बोनितो मासा यांची असते, म्हणून दिसायला निव्वळ भाजीचा पदार्थही मत्स्याहारी असू शकतो. कागाची कमळकाकडी, गोरोजिमाची रताळी, पानाची मागची बाजू जांभळी असलेली किंजिसो भाजी यांची गोडी अव्वल आहे; मुक्कामाच्या ठिकाणी आधी कळवलं तर केवळ कोंबूच्या दाशीत करून मिळण्याची शक्यता असते. हा कोंबू इथला नव्हेच. तो उत्तरेच्या होक्काइदोहून येई. एदो काळात जपानच्या समुद्रातून व्यापार करणाऱ्या कितामाएबुने जहाजांनी तो या किनाऱ्याच्या स्वयंपाकघरांत रुजवला.

जेवणानंतर असानो नदी ओलांडून हिगाशी चाया या १८२०मध्ये वसवलेल्या मोहल्ल्यात जावं. बारीक लाकडी जाळ्यांची दुमजली घरं, आणि त्यातलं शिमा हे त्याच वर्षीचं चहागृह आतून पाहता येतं. दुकानं बंद झाल्यावर तिथे फिरण्यात जास्त अर्थ आहे, दिवसा गर्दी फार.

दाइसेत्सू सुझुकी यांचं संग्रहालय मात्र सकाळी, मनात घाई नसताना पाहावं. झेन विचार इंग्रजीतून जगभर पोचवणारे डी. टी. सुझुकी १८७०मध्ये याच गावात जन्मले. संस्कृत लंकावतारसूत्राचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३२चा. २०११मध्ये उघडलेली ही वास्तू योशिओ तानिगुची यांनी रचली. पुस्तकं, हस्ताक्षरं मोजकीच. मुख्य गोष्ट म्हणजे उथळ पाण्याचं अंगण आणि त्याला लागून बसण्याची रिकामी खोली. अधूनमधून पाण्यात एक तरंग उठतो, पसरतो, विरतो. मला झेनबद्दल वाचलेल्या पुस्तकांनी जे सांगितलं नव्हतं ते या अंगणापाशी थोडं कळलं.

कानाझावाच्या उत्तरेला नोतो द्वीपकल्प आहे. १ जानेवारी २०२४ला तिथे ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमा गावातला शेकडो वर्षांचा सकाळचा बाजार आगीत गेला, आणि जपानची सर्वोत्तम लाखेची भांडी करणाऱ्या कारागिरांची घरं-कार्यशाळाही कोसळल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने पुन्हा तडाखा दिला. उरुशी ही झाडाच्या चिकाची लाख कोरड्या हवेत घट्ट होत नाही, तिला ओलावा लागतो. म्हणून ही कला या पावसाळी किनाऱ्यावर बहरली. वाजिमाचे लोक भाजलेल्या मातीची पूड लाखेत मिसळून थर देतात, एका वाडग्याला शंभराहून जास्त टप्पे असतात, आणि वाडगा वर्षानुवर्षं वापरून झिजला तर त्यावर पुन्हा लाख चढवता येते. वाजिमाच्या सकाळच्या बाजारातल्या बायकांनी भूकंपानंतर तीन महिन्यांच्या आत कानाझावाच्या कानाइवा बंदरावर आपली दुकानं पुन्हा मांडली होती.

कानाझावाला जायचं तर नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा निवडा. दोऱ्या बांधलेली झाडं, लाल पानं आणि कोबाको एकाच वेळी मिळतात. निदान दोन रात्री राहा. आणि परतताना आठवण म्हणून काही घ्यायचं असेल तर वाजिमाच्या कारागिरांनी केलेला एक वाडगा घ्या. तो महाग असतो, पण त्या लोकांना आज गिऱ्हाइकाची फार गरज आहे.